युद्धाचा पट आणि त्या काळचे सूर

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझा पुतण्या चार दिवस आमच्याकडे राहायला आला. अकरावीत शिकतो. येताना त्याने बगलेत एक भलामोठा पुठ्ठ्याचा खोका आणला होता. मला वाटले, फटाके असतील. उघडून पाहतो तो आत घडी घातलेला एक नकाशा, शेदीडशे चौकोनी सोंगट्या आणि दोन फासे! नकाशा इटली देशाचा होता. १९४३ च्या उन्हाळ्यापासून १९४५ च्या मे महिन्यापर्यंत इटलीत जे युद्ध झाले, ते या पटावर दोघांनी समोरासमोर बसून खेळायचे. एकाने दोस्त राष्ट्रांची बाजू घ्यायची, दुसऱ्याने जर्मनांची. एक पाळी म्हणजे एक महिना. पट मांडून झाला आणि त्याने मला विचारले, "काका, खेळताना मागे त्या काळातलं संगीत लावू या. कोणतं लावू?"

प्रश्न साधा होता. मी कॉलेजात इतिहास शिकवतो आणि गाणे ऐकण्याचा मला थोडाफार नाद आहे. म्हटले, पाच मिनिटांत सांगून टाकू. पण त्या पाच मिनिटांचे चार दिवस झाले. त्या चार दिवसांत आम्ही दोघांनी जे ऐकले, जिथे चुकलो आणि शेवटी ज्या ठिकाणी येऊन थांबलो, ते आज आपल्याला सांगणार आहे. आपल्यापैकी जे शिक्षक आहेत त्यांना वर्गात त्याचा काही उपयोग होईल, असे मला वाटते.

आधी हा खेळ म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. युद्ध पटावर आणण्याची कल्पना आपल्याला नवी नाही. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ अशी सेनेची चार अंगे घेऊन आपल्याकडे चतुरंगाचा खेळ झाला आणि त्याचेच पुढे बुद्धिबळ झाले. युरोपात प्रशियाच्या सैन्याने १८२४ च्या सुमारास नकाशावर सोंगट्या मांडून अधिकाऱ्यांना लढाईचे शिक्षण देण्यास प्रारंभ केला. फॉन राइसविट्झ नावाच्या पितापुत्रांनी तो खेळ सिद्ध केला होता. पुढे १९१३ साली एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकाने शिशाच्या शिपायांनी घरात खेळावयाच्या लढायांचे नियम पुस्तकरूपाने छापले. आता हे खेळ पुठ्ठ्याच्या पटावर आहेत, तसेच संगणकावरही आहेत. बुद्धिबळात आणि यांत फरक एवढाच की, बुद्धिबळातील राजाला नाव नसते, गाव नसते. या खेळांतील प्रत्येक सोंगटीवर मात्र खऱ्या पलटणीचा क्रमांक छापलेला असतो. आणि म्हणूनच संगीताचा प्रश्न येतो.

कोणी म्हणेल, काय हो, खेळायचे तर खेळा. मागे काहीही वाजले म्हणून काय बिघडते? तर तसे नाही. कोल्हापूरकडच्या श्रोत्यांना मी काय सांगावे! कुस्तीच्या फडात हलगी कडाडत असते. ती मध्येच थांबली तर फड कसा सुना होतो! हलगी कुस्ती खेळत नाही, पण पाहणाऱ्याला आणि खेळणाऱ्यालाही ती सांगत असते की, तू कुठे आहेस. मागे वाजणारे संगीत हेच काम करते. ते काळ सांगते, जागा सांगते आणि समोर चाललेल्या गोष्टीकडे कोणत्या मनाने पाहायचे, तेही सांगते. हे तिसरे काम सर्वांत मोठे आणि सर्वांत धोक्याचे.

आता 'त्या काळचे संगीत' म्हणजे कोणते? इथेच मी पहिली ठेच खाल्ली. मी मोठ्या आत्मविश्वासाने एक शिट्टीवरचे कूचसंगीत लावले. 'ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय' या चित्रपटात कैदी सैनिक शिट्ट्या वाजवीत छावणीत येतात, ते आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. ती चाल 'कर्नल बोगी' या नावाने प्रसिद्ध आहे. ब्रिटिश सैन्यातील एक बँडमास्तर फ्रेडरिक रिकेट्स यांनी केनेथ आल्फर्ड या टोपणनावाने १९१४ साली ती प्रसिद्ध केली. म्हणजे १९४३ सालच्या ब्रिटिश सैनिकाला ती ठाऊक असणारच. पुतण्याने मोबाईल काढला, जरा वाचले आणि म्हणाला, "काका, पहिली चाल बरोबर आहे. पण हिच्यात मिसळून जी दुसरी चाल वाजतेय ना, ती सिनेमासाठी माल्कम आर्नल्डनं बसवलीय. सिनेमा १९५७ चा आहे." पोराचे म्हणणे खरे होते. युद्ध संपून बारा वर्षे झाल्यानंतरचे सूर मी युद्धात वाजवीत होतो. प्राध्यापकाची फजिती झाली, पण एक नियम सापडला: चाल केव्हा बांधली हे पाहून भागत नाही, आपल्या हाती जे ध्वनिमुद्रण आहे ते केव्हाचे, हेही पाहिले पाहिजे.

दुसरी चूक पुतण्याची. इटलीत जर्मनांविरुद्ध डोंगरांत लढणारे जे प्रतिकारक होते, त्यांच्यासाठी त्याने 'बेला चाओ' हे गाणे काढले. हल्ली ते जगभर गाजले आहे. पण युद्धाच्या काळात ते इतके सर्वत्र गायिले जात नव्हते. त्याची खरी कीर्ती युद्धानंतरची. त्या डोंगरांत अधिक गायिले गेले ते 'फिस्किया इल वेंतो' नावाचे गाणे. त्याचे शब्द फेलिचे काशोने नावाच्या तरुण डॉक्टराने १९४३ साली लिहिले. पुढे चारच महिन्यांत, म्हणजे जानेवारी १९४४ मध्ये, तो मारला गेला. आणि त्याची चाल कोणती म्हणाल? रशियन! 'कात्युशा' या रशियन गाण्याची. मात्वेई ब्लांटर यांनी १९३८ साली तिकडे बांधलेली चाल पाच वर्षांत इटलीच्या डोंगरांत पोचली होती. आपल्याकडे एखाद्या लावणीची चाल भजनाला लागते आणि भजनाची पोवाड्याला, त्यातलाच हा प्रकार. चालीला पासपोर्ट लागत नाही.

याच्या उलट, काही संगीत जुने असूनही त्या युद्धाचेच असते. बेथोव्हेन हा जर्मन संगीतकार. त्याची पाचवी सिंफनी १८०८ साली प्रथम वाजली. तिचा आरंभ चार स्वरांचा आहे: तीन आखूड, एक लांब. तारायंत्राच्या मोर्स लिपीत तीन टिंबे आणि एक रेघ म्हणजे इंग्रजी 'व्ही' हे अक्षर. व्ही म्हणजे व्हिक्टरी, विजय. १९४१ पासून बी.बी.सी. जर्मनांनी व्यापलेल्या युरोपासाठी जे कार्यक्रम प्रसारित करी, त्यांत ढोलावर हेच चार ठोके वाजत. लोक ते दारावर, टेबलावर बोटांनी वाजवून एकमेकांना धीर देत. म्हणजे जर्मनांचाच संगीतकार जर्मनांविरुद्ध उभा केला! आणि गंमत पाहा, त्याच सिंफनीचा दुसरा, संथ भाग जर्मन रेडिओने ३ फेब्रुवारी १९४३ रोजी वाजविला. स्टालिनग्राडला आपली संपूर्ण सेना गेली, ही वार्ता त्या दिवशी जर्मन जनतेला सांगण्यात आली होती. एका सिंफनीच्या पहिल्या चार स्वरांत एका बाजूची आशा होती आणि दुसऱ्या भागात दुसऱ्या बाजूचा शोक.

तेव्हा शिक्षक बंधुभगिनींनो, मुलांनी विचारले की हे संगीत त्या काळचे आहे काय, तर उत्तर नुसत्या सनावळीत शोधू नये. ते त्या काळी कोणी ऐकले, कुठे ऐकले आणि कशावर ऐकले, असे तीन प्रश्न विचारावेत.

'कशावर ऐकले' हा प्रश्न आपल्याला क्षुल्लक वाटेल, पण त्यात मोठी गंमत आहे. त्या काळच्या तबकड्या लाखेच्या. त्या मिनिटाला ७८ फेरे घेत आणि दहा इंची तबकडीच्या एका बाजूला सुमारे तीन मिनिटे मावत. त्यामुळे गाणे तीन मिनिटांतच बांधायचे. मोठी सिंफनी असली तर कितीतरी तबकड्या बदलाव्या लागत. तासभर अखंड आणि स्वच्छ वाजणारे संगीत ही पुढची गोष्ट. अमेरिकेत तर वादकांच्या संघटनेने १ ऑगस्ट १९४२ पासून ध्वनिमुद्रणावर बहिष्कार घातला आणि तो १९४४ पर्यंत चालला. तेवढा काळ बाजारात वाद्यवृंदाच्या नव्या तबकड्या जवळजवळ आल्याच नाहीत. १९४३ पासून सैनिकांसाठी मात्र खास तबकड्या निघाल्या; त्यांना 'व्ही-डिस्क' म्हणत. त्या जहाजांनी छावण्यांत जात. ग्लेन मिलर हा त्या वेळचा लोकप्रिय वादकप्रमुख. तो सैन्यात दाखल झाला आणि १५ डिसेंबर १९४४ रोजी इंग्लिश खाडी ओलांडताना त्याचे विमान जे नाहीसे झाले ते कायमचेच. त्याची १९३९ ची नाचाची तबकडी आज खेळात वाजली की पाय ठेका धरतात. धरू देत. पण ती वाजविणारा परत आला नाही, हे सांगून मग वाजवावी.

आता मी आपल्याला एका गाण्याची गोष्ट जरा सविस्तर सांगतो. ही गोष्ट रेडिओची आहे, म्हणून रेडिओवरून सांगताना मला विशेष आनंद होतो.

पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, हान्स लाइप नावाच्या एका जर्मन सैनिकाने एक कविता लिहिली. छावणीच्या दाराशी दिव्याखाली उभी असलेली एक मुलगी आणि तिचा निरोप घेणारा शिपाई, एवढाच तिचा विषय. कविता छापली गेली १९३७ मध्ये. दुसऱ्या वर्षी नॉर्बर्ट शुल्त्से यांनी तिला चाल लावली आणि १९३९ मध्ये लाले आंडरसन या गायिकेच्या आवाजात तबकडी निघाली. गाण्याचे नाव 'लिली मार्लेन'. तबकडी फारशी खपली नाही. एखादे गाणे येते आणि जाते, तसेच ते गेले.

१९४१ च्या एप्रिलमध्ये जर्मनांनी युगोस्लाव्हिया घेतला आणि बेलग्रेड शहरातील रेडिओ केंद्रावरून आपल्या सैनिकांसाठी कार्यक्रम सुरू केले. केंद्राजवळ तबकड्या थोड्या. त्या थोड्यांत ही एक होती. ती वाजली आणि सैनिकांची पत्रे येऊ लागली: पुन्हा लावा, पुन्हा लावा! मग रोज रात्री नऊ वाजून सत्तावन्न मिनिटांनी, कार्यक्रम संपण्याच्या वेळी, ती लावण्याचा शिरस्ता पडला. बेलग्रेडचे प्रक्षेपण बलवान होते. ते भूमध्य समुद्र ओलांडून आफ्रिकेच्या वाळवंटात ऐकू जाई. तिथे एका बाजूला जर्मन आणि दुसऱ्या बाजूला ब्रिटिशांची आठवी सेना. या सेनेत आपले हिंदी सैनिकही होते. रात्री दहाच्या सुमारास दोन्ही बाजूंचे शिपाई एकाच गाण्याला कान लावून बसत. नाझी प्रचारमंत्री गोबेल्स याला ते रडके गाणे मुळीच आवडत नसे. १९४२ मध्ये त्या गायिकेवर सरकारची खप्पा मर्जी झाली आणि तिच्या गाण्यावर बंदीही आली. पण गाणे थांबले नाही. इंग्रजांचे शिपाई शत्रूचे गाणे गातात हे इंग्रजांनाही बरे दिसेना. शेवटी १९४४ मध्ये त्याचे इंग्रजी शब्द तयार करण्यात आले.

हेच गाणे इटलीतही गेले. ४ जून १९४४ रोजी दोस्तांनी रोम घेतले. एरवी जगभर त्याचा गाजावाजा झाला असता. पण दोनच दिवसांनी, ६ जूनला, फ्रान्सच्या किनाऱ्यावर मोठे सैन्य उतरले आणि साऱ्या वर्तमानपत्रांनी तोंड तिकडे फिरविले. इटलीत चिखलात लढणारे मागे पडले. हे लोक फ्रान्सची लढाई चुकवून इटलीत मजा मारीत आहेत, असे इंग्लंडात कोणीतरी म्हटल्याची वदंता सैनिकांत पसरली. त्यावर त्यांनी उपरोधाचे एक गाणे रचले आणि ते कोणत्या चालीवर म्हटले? लिली मार्लेनच्या!

पुतण्याला मी म्हटले, तुझ्या पटावर दोन्ही बाजूंना शोभेल असे एक गाणे असेल तर ते हे. पण सबंध वेळ लावू नकोस. रेडिओ जसा लावी, तसे लाव. महिन्याची पाळी संपली, फासे खाली ठेवले की एकदा. त्याला ते पटले. आणि खरोखरच, पाळी संपून ते गाणे लागले म्हणजे आम्ही दोघेही क्षणभर आपापल्या सोंगट्यांकडे नुसते बघत बसू लागलो.

या ठिकाणी सोयीची एक गोष्ट सांगून ठेवतो. खेळताना विचार करावा लागतो आणि शब्द विचारात घुसतात. म्हणून चाल खेळताना वाद्यसंगीत, चालींच्या मधल्या वेळेत गाणे, आणि फासा टाकताना काहीच नाही, अशी वाटणी आम्ही केली. शांतता हाही संगीताचाच भाग आहे, हे आपले गवई सांगत आलेच आहेत. संगणकावरील खेळांसाठी नव्याने रचलेले संगीत असते. 'हार्ट्स ऑफ आयर्न' या खेळाचा चौथा भाग २०१६ साली निघाला. त्याचे वाद्यवृंदाचे संगीत आंद्रेआस वाल्डेटॉफ्ट यांचे आहे. तेही वाईट नाही. शिवकालावरच्या नाटकात पायपेटी वाजते, ती आपल्याला कुठे खटकते? ते संगीत काळाचे सोंग आणीत नाही, भाव देते. वाईट काय, तर एकाचे दुसरे म्हणून खपविणे.

रशियाच्या बाजूचा पट मांडायचा असेल तर काय ऐकावे, हेही पुतण्याने विचारले. तेव्हा मी त्याला लेनिनग्राडची गोष्ट सांगितली. ८ सप्टेंबर १९४१ पासून २७ जानेवारी १९४४ पर्यंत त्या शहराला जर्मनांचा वेढा होता. लाखो माणसे उपासमारीने आणि थंडीने मेली. शहरात रस्त्यारस्त्यांवर कर्णे लावलेले होते. रेडिओवर कार्यक्रम नसे तेव्हा त्या कर्ण्यांतून नुसती तालमापकाची टिकटिक चालू ठेवीत. संथ टिकटिक म्हणजे धोका नाही. जलद झाली की विमाने आली. श्रोतेहो, शहराची नाडी ऐकू यावी तसे ते होते. दिमित्री शोस्ताकोविच यांनी आपली सातवी सिंफनी याच शहराला अर्पण केली. ९ ऑगस्ट १९४२ रोजी ती वेढ्यातल्या लेनिनग्राडात वाजली. रेडिओच्या वाद्यवृंदात तालमीच्या आरंभी वाजविण्याइतके धड असे पंधराएक वादकच उरले होते. आघाडीवरून वादक शिपाई बोलावून कार्ल एलियासबर्ग यांनी वृंद उभा केला. कार्यक्रमात व्यत्यय येऊ नये म्हणून रशियन तोफांनी आधी जर्मन तोफांवर मारा करून त्यांना गप्प बसविले. मग ती सिंफनी कर्ण्यांतून साऱ्या शहराने ऐकली आणि पलीकडच्या शत्रूलाही ऐकविली गेली. हे संगीत युद्धाच्या मागे वाजणारे नव्हे. ती त्या युद्धातली एक लढाईच होती. फासे टाकता टाकता ते ऐकू नये. पट बाजूला ठेवून ऐकावे.

आता एक अवघड गोष्ट. तिसऱ्या दिवशी पुतण्याने जर्मन बाजूसाठी मोबाईलवर एक कूचगीत शोधून काढले. "काका, ठेका बघा काय जोरदार आहे!" ठेका जोरदार होता, यात शंका नाही. ते नाझी पक्षाचे 'होर्स्ट वेसेल' गीत होते. मी ते बंद करायला सांगितले. तो म्हणाला, "पण तुम्हीच म्हणालात ना, त्या काळचं हवं? हे तर शंभर टक्के त्या काळचं आहे. मग इतिहास लपवायचा का?"

पोराचा प्रश्न चोख होता, आणि 'मोठ्यांचे ऐक' हे त्याचे उत्तर नव्हे. मी त्याला म्हटले, लपवायचा नाही. तुला ते ऐकायचेच असेल तर खेळ थांबव, ते गात रस्त्यांतून कोण फिरत होते आणि कोणाच्या घरांची दारे फोडीत होते ते आधी वाच, आणि मग माझ्याबरोबर बसून ऐक. जर्मनीत आज ते गीत जाहीरपणे वाजविण्यास कायद्याने बंदी आहे. ती का घालावी लागली, यावर आपण बोलू. पण फासा चांगला पडला म्हणून त्याच्या ठेक्यावर मांडी थोपटणे, हे नको. कारण मघा म्हटले तसे, संगीत आपल्याला कोणत्या मनाने पाहायचे ते सांगत असते, आणि ते न विचारता सांगते. जर्मन बाजूला बेथोव्हेन आहे, लिली मार्लेन आहे. जर्मन माणसाचे सूर तेवढेच, असे समजण्याचे कारण नाही. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग त्याने ते पुसून टाकले. माझे म्हणणे त्याला पूर्ण पटले की काकांचा मान ठेवला, हे मला सांगता येणार नाही.

चौथा दिवस. पटावर नोव्हेंबर १९४३ चा महिना आला. इटलीच्या पूर्व किनाऱ्याकडे सांग्रो नावाची नदी आहे. नदीच्या अलीकडे दोस्तांच्या सोंगट्या, पलीकडे जर्मन. दोस्तांच्या सोंगट्यांत एकीवर लिहिले होते: आठवी हिंदी डिव्हिजन. पुतण्या दोस्तांची बाजू खेळत होता. सोंगट्या मोजून तो म्हणाला, "ही पुढं घालतो. गेली तरी चालेल, मागची वाचते."

मी म्हटले, "त्या सोंगटीत तुझे पणजोबा आहेत."

श्रोतेहो, माझे आजोबा मराठा पलटणीत होते. ते इटलीहून परत आले म्हणून आज मी आपल्याशी बोलतो आहे. पुष्कळ आले नाहीत. माणगावकडचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या खोऱ्यात एकटे मशीनगनवर चालून गेले. बरोबरचे सारे मेले किंवा जखमी झाले होते. बंदुकीत नवे मॅगझिन भरायला अवसर मिळाला नाही, तेव्हा त्यांनी दस्त्याने झुंज दिली आणि तिथेच देह ठेवला. नगर जिल्ह्याचे शिपाई नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीकाठी जखमी सोबत्यांना गोळीबारातून वाहून आणले. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, एकाला मरणोत्तर. आणि सांग्रो नदीजवळच्या युद्धस्मशानात एक स्मारक आहे, त्यावर ज्यांचे दहन झाले अशा पाचशेंहून अधिक हिंदी सैनिकांची नावे आहेत. ही सगळी माणसे अर्ध्या इंचाच्या त्या पुठ्ठ्यात होती.

पुतण्याने सोंगटी हातात धरली आणि विचारले, "मग यांच्यासाठी कोणतं संगीत?"

मी गप्प झालो. चार दिवस मी त्याला जर्मन, रशियन, इंग्रज आणि अमेरिकन सूर ऐकवीत होतो. आपल्या माणसांनी काय ऐकले, हे मी मनात आणलेच नव्हते. आजोबा सांगत, छावणीत संध्याकाळी रिकाम्या डब्यावर ठेका धरून भजन होई. पण त्याची तबकडी कोण काढणार? मग एकदम आठवले. एम. ए. करीत असताना मी आजीच्या ओव्या टेपवर उतरवून घेतल्या होत्या. त्या सुमारास घरात जाते नावालाच उरले होते. माझ्यासाठी तिने मूठभर ज्वारी घालून ते फिरवले. आजोबा तिकडे असताना ती पहाटे दळताना ज्या ओव्या म्हणे, त्याच त्या. त्यांत इटली नाही, युद्ध नाही. टपालवाला आहे, पाऊस आहे, बैल आहे, आणि न आलेले पत्र आहे.

ती टेप मोबाईलवर घेऊन ठेवली होती, ती लावली. आधी नुसती जात्याची घरघर, मग तिचा आवाज. १९४३ चे ते सूर नव्हेत, मुद्रण पुष्कळ नंतरचे. माझ्याच नियमात बसत नाही, हे मला ठाऊक आहे. पण कोणी ऐकले आणि कुठे ऐकले, या दोन प्रश्नांना त्यात उत्तर होते. त्या नोव्हेंबरात पहाटे, आपल्या कितीतरी गावांत, त्या युद्धाचे संगीत हेच होते.

पुतण्याने ओव्या शेवटपर्यंत ऐकल्या. मग सोंगटी पुढे घातली. दुसरी चाल नव्हती. खऱ्या सेनापतीनेही ती पुढेच घातली होती. फासा पडला आणि सोंगटी गेली. गेलेल्या सोंगट्या तो खोक्यात टाकत असे. ही त्याने पटाच्या कडेला ठेवली, आणि खेळ संपेपर्यंत ती तिथेच होती.

शिक्षक बंधुभगिनींनो, आपल्या शाळेत असा खेळ असेलच असे नाही, आणि नसला तरी काही अडत नाही. नकाशा भिंतीवर असतो, आणि गाणी आता खिशातल्या मोबाईलवर मिळतात. मुलांना एक साल द्यावे, एक जागा द्यावी आणि सांगावे: इथे त्या वेळी काय ऐकू येत असेल, ते शोधून आणा. मात्र प्रत्येक वेळी आणखी एक काम द्यावे: त्याच साली आपल्या गावात काय ऐकू येत होते, ते घरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारून या. पहिल्या प्रश्नाचे उत्तर पुस्तकांत पुढेही सापडेल. दुसऱ्याचे उत्तर ज्यांच्यापाशी आहे, ती माणसे आता थोडी उरली आहेत. तेव्हा ते आजच विचारून घ्यावे.